केसरीचा वारसा आणि वाचकांचा हक्क

पुण्याच्या गायकवाड वाड्यातील छापखाना कोणाच्या हाती गेला, याच्याशी धारणीच्या व्यापाऱ्यास काय कर्तव्य, असे कित्येक सद्गृहस्थ आम्हांस विचारतील. कर्तव्य आहे. १९९३ साली मेळघाटातील कोरकू बालकांच्या मृत्यूंचा बोभाटा वर्तमानपत्रांतून झाला, तेव्हा कोठे मुंबईच्या दरबारास जाग आली. ज्या मुलखाचे गाऱ्हाणे परक्याच्या पत्रातून वर जावयाचे, त्याने त्या पत्राचा धनी कोण व तो आणखी कोणकोणत्या खुर्च्यांवर बसतो, हे पाहिलेच पाहिजे. म्हणून कै. जयंतराव टिळक यांच्या चरित्राचा आज विचार करू.

केसरी १८८१ च्या जानेवारीत निघाला, आणि त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. हे आम्हां वऱ्हाडकरांस परके नव्हेत. ते अकोल्यास शिकले आणि ‘वऱ्हाड समाचारा’त लिहीत. सामाजिक सुधारणेच्या वादात १८८७ साली त्यांनी केसरी सोडला व पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. सुधारणा त्या घरातून पहिल्याने बाहेर पडली ती अशी. १९२० साली लोकमान्य निवर्तल्यावर त्यांचे पुत्र रामभाऊ व श्रीधरपंत यांचा आणि विश्वस्तांचा कलह जुंपला, व तो कोर्टकज्जापर्यंत गेला. श्रीधरपंत डॉ. आंबेडकरांचे स्नेही. त्यांनी १९२८ च्या एप्रिलात समाज समता संघाची शाखा खुद्द गायकवाड वाड्यात उघडली, आणि त्याच वर्षीच्या २५ मे रोजी आगगाडीखाली देह टाकला. मरणापूर्वी त्यांनी आंबेडकरांस पत्र लिहिले होते. जयंतराव हे त्यांचे पुत्र. त्या समयी त्यांचे वय अवघे सहा वर्षांचे.

ज्या घराच्या पत्रावरून बापाने असा अंत पाहिला, त्याच पत्राची धुरा पुढे मुलाने दीर्घकाळ वाहिली. ही गोष्ट सामान्य नव्हे. गोवामुक्तीच्या लढ्यात व संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते पुढे होते; १९६० नंतरच्या दशकात केसरी दैनिक झाला. हिंदुमहासभेपासून काँग्रेसपर्यंतचा त्यांचा प्रवास कोणास रुचो वा न रुचो, तो उघड्या मैदानातील होता. ते राज्यसभेत गेले, आणि १९९८ पर्यंत बरीच वर्षे विधान परिषदेचे सभापतिपद त्यांच्याकडे होते. २००१ साली ते वारले. नंतर संपादकपद त्यांचे पुत्र दीपक टिळक यांच्याकडे आले.

येथे आमचा मतभेद आहे, आणि तो व्यक्तीशी नाही. सभापतीने कोणाचीच बाजू घ्यावयाची नसते. पत्रकर्त्याने बाजू घेतलीच पाहिजे. एकाच घरात ही दोन व्रते नांदली, म्हणजे एकास उपास घडणारच. आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व आम्ही वकील मंडळी कोर्टात रोज सांगतो. ते छापखान्याच्या दारापाशी का थांबावे? मेळघाटचा बोभाटा झाला त्या १९९३ साली जयंतराव सभापतीच्या आसनावर होते. त्यांनी काही लपविले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु असा संशय वाचकाच्या मनात येण्यास जागाच राहू नये, ही मालकाची जबाबदारी होय. वाडा, टाईप, यंत्रे, नाव ही कायद्याने वारसास मिळतात. वाचकाचा भरवसा मात्र पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागतो. आजोबांचे नाव कितीही थोर असले, तरी त्यात सवलत नाही.

१८६७ च्या कायद्याखाली प्रत्येक पत्रास दरसाल फेब्रुवारी सरताच मालकीचा तपशील छापावा लागे. वाचक तो मजकूर न वाचताच पान उलटीत, हेही खरे! तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, व १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. अमरावती, अकोला व परतवाड्याच्या पत्रांस आमची विनंती आहे की, कायद्याची सक्ती असो वा नसो, त्यांनी वर्षातून एकदा पहिल्याच पानावर मालकांची नावे, त्यांची राजकीय पदे आणि सरकारी ठेक्यांतील त्यांचे हितसंबंध ठळक टाईपात छापावेत. धारणीच्या बाजारपेठेतील ग्राहकांनीही वर्गणी भरताना हा तपशील मागून घ्यावा.