शोधण्याची मजुरी

दिवाळीच्या आगेमागे बेळगाव–चोर्ला रस्त्यावरच्या गॅरेजांत जुन्या गाड्यांची रांग लागते. आठशे, ओम्नी, बोलेरो, एखादी सुमो. पावसाळाभर कशीबशी ओढलेली गाडी आता नीट करून घ्यायची असते. यातल्या कितीतरी गाड्यांची तक्रार नवी नसतेच. "मागच्या वेळी केलं होतं ना, तेच परत झालंय," असं गिऱ्हाईक म्हणतं आणि मिस्त्रीचा चेहरा उतरतो. परत आलेलं काम म्हणजे फुकटची मजुरी, वर बोलणी. या अंकात आम्हाला बोलायचंय ते याच कामाबद्दल.

आधी रस्ता पाहू. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटरवर आहे आणि घाटाच्या पायथ्याचा साखळीकडचा भाग जवळजवळ समुद्रसपाटीला. बेळगावची भाजी भरून गाडी खाली उतरते, येताना रिकामी किंवा मासळी घेऊन वर चढते. म्हणजे भरल्या गाडीचा भार जाताना ब्रेकवर आणि परतीच्या चढाचा ताण इंजिनावर. त्यात जूनपासून चार महिने सगळं ओलं. गाड्याही वयस्कर. आठशेचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. दोन्हींतलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. आणि घोटाळा नेमका इथेच होतो. इंजिन पाठ असलं की तपासायचं राहून जातं.

"गाडी तापते" एवढ्यावरून दोष कळत नाही. कुठे तापते, हे विचारायला हवं. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काटा चढतो आणि कणकुंबीच्या सपाटीवर वारा लागताच उतरतो, तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचा स्विच आणि चिखलाने बुजलेल्या रेडिएटरच्या जाळ्या आधी बघाव्यात. उलट सपाट रस्त्यावर, वेगात असताना तापत असेल तर पाणी फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्या असतील किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असतील. थंड इंजिन चालू करताच होज दगडासारखा कडक होत असेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गास्किटकडे वळावं. घाटातला नेमका टप्पा विचारला की अर्धं काम तिथेच होतं.

त्याऐवजी आपण काय करतो? थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून फेकतो आणि पंखा डायरेक्ट करतो. नळ्या बुजलेल्याच राहतात. उतारावर इंजिन गार पडतं, पेट्रोल जास्त जातं, तेलात गाळ धरतो. पुढच्या उन्हाळ्यात गाडी परत येते. रेडिएटरच्या टोपणाकडे तर कुणी बघतच नाही. कणकुंबीच्या उंचीवर उघडं पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ किलोचा दाब धरणारं टोपण ही मर्यादा सुमारे वीस अंशांनी वर नेतं. त्याचं रबर कडक झालं की हा आधारच जातो आणि आपण पंप बदलत बसतो. हेडचंही तेच. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं असेल, तर कितीही चांगलं गास्किट टाका, ते पुन्हा उडणार. सरळपट्टी ठेवून फीलर गेज घालायला पाच मिनिटं लागतात. ०.०५ मिलिमीटरहून जास्त फट दिसली की हेड फेसिंगला द्यावं. त्यासाठी लांब जायला नको, बेळगावचं उद्यमबाग मशीन शॉपनी भरलेलं आहे.

ब्रेकची गोष्ट यापेक्षा गंभीर. उतारावर पॅडल खाली जातं, साखळीत चहा पिईपर्यंत पुन्हा ठीक होतं. मालक येऊन सांगतो, मिस्त्री मास्टर सिलिंडर बदलतो, महिन्याभरात तीच तक्रार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. तापलेल्या चाकाजवळ तेलाची वाफ झाली की पॅडल दाबून उपयोग नसतो. दर दोन वर्षांनी सगळं तेल बदलणं हा यावरचा साधा इलाज. त्याबरोबर ड्रायव्हरला एक प्रश्न विचारायचा: उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडता का? उत्तर "हो" असेल तर अर्धा दोष गाडीत नाही, ड्रायव्हरच्या सवयीत आहे आणि तसं त्याला स्पष्ट सांगायला हवं.

तिसरी नेहमीची तक्रार सेल्फची. आधी बॅटरी बदलते, मग सेल्फ, मग डायनॅमो. शेवटी सापडते ती गंजलेली अर्थिंगची पट्टी. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारट पाणी तळाशी झिरपतं, तिथे हे हमखास. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला तर दोष अर्थिंगमध्ये. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर डायनॅमोला हात लावू नका.

हे सगळं आपल्याला ठाऊक नाही असं नाही. मग चुकीचा पार्ट का बदलला जातो? आमचं उत्तर सरळ आहे: कारण पैसे फक्त पार्ट बदलण्याचे मिळतात. अर्धा तास मल्टिमीटर लावून "पट्टी घासून बसवली" म्हटलं, तर गिऱ्हाईक हातावर काहीच टेकवत नाही. डायनॅमो बदलला तर बिल होतं. डॉक्टर तपासणीची फी घेतो, औषधाचे पैसे वेगळे. आपण तपासणी फुकट करतो म्हणून ती होतच नाही. शोधण्याच्या कामाला मजुरी नाही, तोवर दोष परत येत राहणार.

म्हणून आमची सूचना: तपासणीचा दर ठरवा आणि तो बोर्डावर लिहा. पुढचं काम तुमच्याकडे होवो न होवो, हे पैसे घ्या. त्या बदल्यात गिऱ्हाईकाला लेखी उत्तर द्या. किलोमीटर किती, दोष कुठे आणि किती भारावर आला, कामाआधी मीटरवर काय दिसलं, कामानंतर काय दिसलं. कॉम्प्रेशन घेतलं असेल तर तिन्ही सिलिंडरांचे आकडे लिहा. दोघांत एक किलोहून जास्त फरक असेल तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व. या कागदामुळे गाडी परत आली तरी भांडण होत नाही, तपास मागच्या जागेवरून पुढे सुरू होतो.

"शेजारचा फुकट बघतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल," ही शंका खरी आहे. सुरुवातीला काही जण जातील. म्हणून हा निर्णय एकट्या गॅरेजने घेऊ नये. खानापूर, जांबोटी, बेळगाव, निपाणी इथल्या गॅरेजवाल्यांनी आपापल्या पट्ट्यात एकत्र बसून ठरवावा. जुनी गाडी ठेवणारा माणूस बहुतेकदा हौशी नसतो, नवी परवडत नाही म्हणून ती ठेवतो. अंदाजाने बदललेले तीन पार्ट त्याला तपासणीच्या फीपेक्षा कितीतरी महाग पडतात. हे त्याला हिशेब मांडून दाखवा.

फार चाललेली गाडी म्हणजे बाद गाडी, असंही नाही. अमेरिकेतल्या इर्व गॉर्डन या शिक्षकाने १९६६ ची व्होल्वो पी १८०० वेळच्या वेळी देखभाल करत २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरवर नेली. पण प्रत्येक गाडी वाचवायची नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पासिंग झालं म्हणून चॅसी मजबूत झाली असं नव्हे. सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा गंजून पोकळ झाला असेल, तर लांबी भरून रंग मारू नका. ही गाडी घाटात नेऊ नका, असं लिहून द्या. तपासणीची फी घेतली असेल तर हे सांगताना आपलं नुकसान होत नाही, म्हणून ते खरं सांगता येतं.

पुढचा अंक येईपर्यंत एवढं करा: तपासणीच्या दराचा बोर्ड लावा, आणि परत आलेल्या एका तरी गाडीचे आधीचे-नंतरचे आकडे आम्हाला लिहून पाठवा. गिऱ्हाईकाचं नाव नको, तक्रार, जागा आणि मोजमाप पुरे. तुमच्या नोंदी आम्ही छापू. घाटातल्या गाड्यांसाठी आपल्याला लागणारं मॅन्युअल दुसरं कुणी लिहून देणार नाही.