एक खोली द्या राजेहो!

हर्बर्ट फिप्सन हे नाव आपल्या नांदुऱ्यात कोणी ऐकलं नसेल. इंग्रज माणूस, मुंबईच्या फोर्टात वाईनचा व्यापारी.

१५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या म्युझियममध्ये आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघं. पण नमुने ठेवायला जागाच नव्हती. १८८४ मध्ये फिप्सनने आपल्या दुकानाची जागा दिली, आणि १८८६ पासून वीस वर्षं धंदा सांभाळून सोसायटीचं सचिवपद सांभाळलं. त्याच्या ऑफिसात पाळलेला धनेश आज सोसायटीच्या बोधचिन्हावर आहे. पुढं त्याच्याच पेढीतल्या मिलार्डकडं एक पोरगा मेलेली चिमणी घेऊन गेला, ही कोणती म्हणून विचारायला. तो पोरगा म्हणजे सलीम अली!

साहेबांची आरती ओवाळायची नाही मला. ते लोक गोळी घालूनच पक्षी ओळखायचे. पण जे दिसलं ते तारखेसह लिहून ठेवायचे. आपण काय लिहिलं?

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची. मंग दिसेनाशी झाली. कोणत्या साली? जुन्या माणसांना विचारून पाहा, दहा जण दहा सालं सांगतात. भरतपूरला याच सोसायटीच्या माणसांनी गिधाडं मोजून ठेवली होती, म्हणून किती घटली ते कळलं. कारणही सापडलं: ढोरांना द्यायचे ते डायक्लोफेनॅक. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्याकडं नुसत्या आठवणी.

आता पूर्णेवर जिगाव धरण होतंय. आपल्याच तालुक्यातली गावं उठतायत, काठची झाडं, पक्ष्यांच्या जागा पाण्याखाली जाणार. जमिनीचा सातबारा असतो, मोबदल्याची यादी असते. पण कोणत्या झाडावर बगळ्यांची वसाहत होती, डोहात कोणते मासे मिळायचे, हे कोणत्या कागदावर आहे? भोई बांधवांना ते तोंडपाठ आहे. ती माणसं गेली की तेही गेलं.

यासाठी सरकारच पाहिजे असं काही नाही. आपल्या गावात दानशूर व्यापारी कमी नाहीत, देवळाच्या फरशीवर नावं वाचा. त्यातल्या एकानं दुकानामागची एक खोली द्यावी. एक कपाट, एक जाडजूड वही. शाळेतल्या पोरांनी दर रविवारी जाऊन पाहावं, म्हाताऱ्यांना विचारावं आणि तारीख टाकून लिहावं.

खोली कोण देतंय? कमेंटमध्ये सांगा. पहिली वही माझ्याकडून.