आधी किडीचे नाव, मग फवारणी

लोहाऱ्याचा कास्तकार पऱ्हाटीचे रोगट पान पिशवीत घालून यवतमाळच्या कृषी सेवा केंद्राकडे निघतो, तेव्हा त्याला एवढेच विचारायचे असते: हे काय पडले? बहुतेक वेळा त्याला किडीचे नाव कळत नाही. हाती औषधाची बाटली येते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती. पण कीड न ओळखता चार औषधे एकत्र करून मारण्याची सवय त्यांत होतीच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कीड ओळखणे हे अडाण्याचे काम नव्हे. वीसेक वर्षांपूर्वी कापूसपट्ट्यात पिठ्या ढेकूण पसरला. पिठात लोळल्यासारखी ही कीड सर्वांना दिसत होती, पण ती नेमकी कोणती यावर अभ्यासकांतही घोळ होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणांचे नमुने तपासले. बहुतेक ठिकाणी असलेली जात ‘फेनाकोकस सोलेनोप्सिस’ आहे, हे त्यांनी २००९ मध्ये मांडले. तिचे वर्णन अमेरिकेत १८९८ सालीच झालेले होते. नाव पक्के होताच कीड परदेशी असल्याचे कळले आणि तिचे शत्रू कुठे शोधायचे तेही कळले.

त्याच वर्षी अलीगढचे मोहम्मद हयात यांनी या ढेकणावर जगणाऱ्या एका इवल्या गांधीलमाशीचे वर्णन केले आणि कीटकशास्त्रज्ञ बंबावाले यांच्यावरून तिला ‘एनासिअस बंबावालेई’ म्हटले. पुढे ती अमेरिकेत आधीच नोंदलेली जात निघाली, आणि नाव दुरुस्त झाले. ही माशी पऱ्हाटीवर काम करते तेव्हा ढेकणाचे तपकिरी, टणक टरफल उरते आणि त्याला एक गोल भोक दिसते. ते भोक ओळखणारा शेतकरी पंप खाली ठेवतो. न ओळखणारा फवारतो, आणि ढेकणाआधी माशीच मरते.

वनस्पतींच्या बाबतीत आपण इतके उघडे नाही. कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचा यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९९३ मध्ये आला. किडी मात्र दर हंगामाला बदलतात; तिथे ग्रंथ पुरत नाही, माणूस लागतो. ढेकूण क्षारात उकळून, रंगवून, काचपट्टीवर बसवून त्याची सूक्ष्म छिद्रे मोजणारा माणूस. अशी माणसे घडवण्यासाठी केंद्राने १९९९ मध्ये वर्गीकरणशास्त्राचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू केला. पण प्रकल्पाच्या मुदतीवर नेमलेला तरुण मुदत संपली की दुसरी नोकरी शोधतो. कायम पदांशिवाय ही विद्या टिकणार नाही.

प्राणी आणि वनस्पती सर्वेक्षणांची पश्चिम विभागीय केंद्रे पुण्यात आहेत. विदर्भाने तिकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. नागपूरची कापूस संस्था, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, अमरावतीचे विद्यापीठ आणि नागपुरातच मुख्यालय असलेले राज्य जैवविविधता मंडळ यांनी आपापल्या कपाटांतले नमुने एका यादीत आणावेत. आदिलाबादलाही सोबत घ्यावे. पैनगंगेपलीकडेही पऱ्हाटीच आहे आणि अळी नदी पाहून थांबत नाही.

जूनमध्ये पुन्हा लागवड होईल. त्याआधी यवतमाळात एक सूक्ष्मदर्शक, त्यावर बसणारा एक प्रशिक्षित माणूस आणि पान घेऊन आलेल्याला चार दिवसांत लेखी उत्तर, एवढी सोय सरकारने करावी.