कुंकळ्ळीची देवी आणि सालाझारची माणसे

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा, गडहिंग्लज व चंदगड या पट्ट्यात कोकणी बोलणारी जी कॅथलिक कुटुंबे आहेत, त्यांच्या पूर्वजांची नाळ गोव्याशी जोडलेली आहे. पोर्तुगीजांनी पाडलेल्या मंदिरांच्या पुनर्उभारणीसाठी गोवा सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हापासून हा विषय आमच्याकडेही चर्चिला जातो. काही जण म्हणतात, ते पाप राजाचे, ख्रिस्तसभेचे नव्हे. काहींना वाटते, जुन्या जखमा उकरायच्या कशाला? ही दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात.

सासष्टीतील कुंकळ्ळी येथे जुलै १५८३ मध्ये रुदोल्फ अक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, हे आपण जाणतो. त्यापूर्वी पोर्तुगीज मोहिमांनी तेथील मंदिरे उद्ध्वस्त केली होती, हे आपण क्वचितच सांगतो. नंतर तहाच्या बोलणीसाठी म्हणून सोळा गावप्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांतील पंधरा जणांना ठार करण्यात आले. एक नदीत उडी टाकून निसटला. हे तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत.

गावची शांतादुर्गा फातर्प्याला हलवण्यात आली. परंतु गावकऱ्यांनी तिला परके मानले नाही. आजही शिगम्यात देवीची पालखी फातर्प्याहून कुंकळ्ळीला आपल्या मूळ स्थानी येते आणि बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्यासोबत निघतात. या गावकर घराण्यांत ख्रिस्ती झालेली घराणीही आहेत. इकडे म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानणारे हिंदू भाविक फेस्ताला तेल घेऊन येतात. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, गोव्यात धर्मसमीक्षण सभा होती. तिलाही हे नाते पुसता आले नाही.

हे केवळ गोव्यातच घडले असे नाही. सम्राट थिओडोसियसने चौथ्या शतकाच्या अखेरीस मूर्तिपूजेवर बंदी घातली, तरी नाईल नदीतील फिले बेटावर इसिस देवीची पूजा सहाव्या शतकात जस्टिनियनने मंदिर बंद करेपर्यंत चालू होती. आणि गंमत अशी, की फराओंच्या भाषेचे शेवटचे रूप आज टिकून आहे ते कॉप्टिक ख्रिस्ती उपासनेत!

मग राजसत्तेच्या आश्रयाने ख्रिस्तसभेने काय कमावले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सोळाव्या शतकापर्यंत जाण्याची गरज नाही. १९३२ ते १९६८ पर्यंत पोर्तुगालचा कारभार हाकणारा सालाझार विझेऊच्या सेमिनरीत शिकलेला होता. सेमिनरीचे बाक आम्हीही झिजवले आहेत, म्हणून हे आम्हांला अधिक बोचते. लिस्बनचे कार्डिनल सेरेजैरा त्याचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. १९४० च्या करारांनी मिशन कार्याला शासकीय आधार मिळाला. त्याची किंमत मात्र मौनाने चुकवावी लागली. पोर्तोचे बिशप अंतोनियो फेरैरा गोमिश यांनी १९५८ मध्ये सालाझारला पत्र लिहून खरे ते सुनावले. त्यांना १९५९ पासून दहा वर्षे परदेशात काढावी लागली.

हुकूमशाहीत कोण वर चढतो, हे कासिमिरो मोंतेरो या एका माणसावरून समजते. गोव्यातच जन्मलेला हा पोलीस १९५० च्या दशकात स्वातंत्र्यसैनिकांच्या छळामुळे कुप्रसिद्ध झाला. आपल्याच मातीतील माणसांवर हात उगारणे हीच त्याची बढतीची शिडी ठरली. पुढे तो पिदे या गुप्त पोलीस दलाच्या मारेकरी पथकात पोहोचला. फेब्रुवारी १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबर्तो देल्गादो यांची स्पेनच्या सीमेलगत याच पथकाने हत्या केली. गोळ्या झाडल्या त्या मोंतेरोने. याउलट गोव्याचे शेवटचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम डावलून १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली आणि हजारो सैनिकांचे प्राण वाचवले. त्यांना सैन्यातून काढण्यात आले.

नार्वेचे सप्तकोटेश्वर मंदिर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारले आणि २०२३ मध्ये त्याचे नूतनीकरण पूर्ण झाले. त्याचे आम्हांला दुःख नाही, उलट समाधान आहे. सरकारी तिजोरीतून देवळे उभारली जातात तेव्हा हिशेब देवाचा राहतो की मतांचा, ही शंका आम्हांला आहे. पण ती विचारण्याचा अधिकार मिळवायचा तर आधी स्वतःचा हिशेब मांडावा लागेल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमा मागितली होती. आपल्या धर्मग्रामांत मात्र ती कितपत पोहोचली? जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या पाच हुतात्म्यांचे स्मरण करताना असोळणेच्या किल्ल्यातील त्या पंधरा जणांसाठीही मिस्सामध्ये प्रार्थना व्हावी, असे आम्हांला वाटते. निदान आजरा, गडहिंग्लजकडील धर्मग्रामांनी येत्या जुलैत याची सुरुवात करावी.