परवान्याविना आलेला प्रवासी

भिवंडी तालुक्यातील लोणाडच्या डोंगरात खंडेश्वरीचे लेणे आहे. हे बौद्ध लेणे सामान्यतः सहाव्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. त्यातील राजदरबाराचा शिल्पपट पाहणाऱ्या तरुणाला साहजिकच प्रश्न पडतो : हे लेणे नांदते असताना महाराष्ट्रातील माणसे कशी होती? या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर एका चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे आणि तो भिक्षू स्वदेशातून प्रवासाचा परवाना न घेता बाहेर पडला होता. (धागा)

त्याचे नाव युआन श्वांग. जुन्या पुस्तकांत तो ह्युएनत्संग म्हणून भेटतो. इ. स. ६२९ च्या सुमारास तो पश्चिमेकडे निघाला, तेव्हा तांग साम्राज्याने आपली सरहद्द प्रजेसाठी बंद केली होती. त्या बंदीला कारण होते. तीनच वर्षांपूर्वी तुर्की घोडदळ राजधानीजवळच्या वेई नदीपर्यंत येऊन धडकले होते. युआन श्वांगने परवानगी मागितली, ती नाकारली गेली, आणि तरीही तो निघाला.

त्याच्या चरित्रातील पुढचा प्रसंग आजच्या प्रत्येक व्हिसा अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. लिआंगजौच्या सुभेदाराने त्याला परत फिरण्याचा हुकूम दिला. तो दिवसा लपून आणि रात्री चालून ग्वाजौला पोहोचला. तोवर त्याच्या अटकेचे फर्मान त्याच्याआधी तेथे येऊन थडकले होते. ली चांग नावाच्या अधिकाऱ्याने ते फर्मान त्याच्यापुढे धरले आणि “हा तूच का?” असे विचारले. भिक्षूने सत्य सांगितले. ली चांगने ते फर्मान त्याच्यादेखतच फाडले आणि लवकर निघून जाण्यास सांगितले. पुढे सीमेवरील पहिल्याच टेहळणी बुरुजावरून त्याच्यावर बाण सुटले. पण तेथील अधिकाऱ्याने ओळख पटल्यावर त्याला पाणी आणि वाट दोन्ही दिली. वाळवंटात पाण्याची पखाल सांडली, तेव्हा मात्र मदतीला कोणीच नव्हते.

तुर्फानजवळच्या गाओचांगच्या राजाने त्याला पुढच्या चोवीस राज्यांच्या नावे पत्रे दिली, प्रत्येक पत्रासोबत रेशमाचा एक तागा. हाच त्या काळचा व्हिसा. (कापडाच्या तागांवर जगणाऱ्या भिवंडीला या व्हिसाचे वजन समजावून सांगावे लागणार नाही.)

इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. येथील लोक मानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमान न विसरणारे आहेत. सूड घेण्यापूर्वी ते शत्रूला आगाऊ सूचना देतात. युद्धाआधी हत्तींनाही मद्य पाजले जाते, असे त्याने नोंदवले. शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू त्याने सांगितले. पूर्वेकडील डोंगरातल्या ज्या भव्य संघारामाचे त्याने वर्णन केले, तो म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

सर्वांत मोलाची नोंद पुलकेशीविषयीची आहे. हर्षवर्धनाने पूर्व-पश्चिम जिंकली, पण हे लोक त्याला शरण गेले नाहीत, असे युआन श्वांग स्पष्ट लिहितो. हर्ष त्याचा आश्रयदाता होता, हे येथे लक्षात घ्यावे. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पुलकेशीचा दरबारी कवी रविकीर्ती तीच फुशारकी मारतो. परंतु दरबारी कवीची साक्ष आणि त्रयस्थ परदेशी माणसाची साक्ष यांचे वजन सारखे नसते. ६४२ च्या सुमारास पल्लवांनी वातापी जिंकली आणि पुलकेशीचे राज्य कोसळले. म्हणजे हा साक्षीदार अगदी शेवटच्या क्षणी आला. सीमेवरच्या एखाद्या अधिकाऱ्याने त्याला वर्षभर अडकवून ठेवले असते, तर महाराष्ट्राच्या इतिहासातले हे पान कोरेच राहिले असते.

युआन श्वांग लोणाडला किंवा कल्याणच्या बंदरात आला होता, असे मात्र कोणी ठोकून देऊ नये. तसा पुरावा नाही.

आता वर्तमानाकडे. २०२० मध्ये आधी महासाथ आली, मग गलवानमध्ये वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले, आणि चिनी पर्यटकांसाठी भारताचे दार बंद झाले. चीननेही आपले दार लावून घेतले. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी २०२२ पर्यंत परतू शकले नाहीत. अखेर २४ जुलै २०२५ पासून भारताने चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा पुन्हा सुरू केला : ऑनलाइन अर्ज, भेटीची वेळ, मग बीजिंग, शांघाय किंवा ग्वांगजौच्या केंद्रात पासपोर्ट हाती देणे. ऑक्टोबरात कोलकाता–ग्वांगजौ थेट विमानही उडाले.

सरहद्दीची चिंता खोटी नाही. तांग सम्राटाचीही नव्हती. पण सैन्य अडवणे आणि प्रवासी अडवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पर्यटक व्हिसा हे रागाचे पहिले हत्यार झाले, की त्याची झळ सेनापतींना लागत नाही. लेण्यांसमोर वही उघडून बसणारा विद्यार्थी तेवढा भरडला जातो. छाननी कडक असावी, हेरगिरीचा संशय असेल तेथे नकारही द्यावा. मात्र तो त्या माणसाची कागदपत्रे पाहून द्यावा. पाच वर्षे सरसकट दार लावून घेणे म्हणजे ली चांगला फर्मान वाचण्याची संधीही न देणे.

परतीच्या वाटेवर युआन श्वांगने खोतानहून सम्राट ताइझोंगला पत्र लिहून विनापरवाना गेल्याचा गुन्हा कबूल केला आणि उत्तराची वाट पाहत तो तेथेच थांबला. उत्तर आले, ते स्वागताचे. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन तो चांगआनला पोहोचला, तेव्हा सम्राटाने त्याला शिक्षेविषयी नव्हे, तर पश्चिमेकडील देशांविषयी विचारले, आणि जे पाहिले ते सारे लिहून काढण्यास सांगितले. महाराष्ट्राचे वर्णन आहे ते याच ग्रंथात.