चाकांची खुर्ची : बसता-उठतानाची सावधगिरी

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला पक्षाघात होतो, खुब्याचे हाड मोडते किंवा गुडघे साथ सोडतात, तेव्हा घरात चाकांची खुर्ची येते. तिच्याबरोबर, आता पडण्याची भीती संपली, असा समजही येतो. वस्तुतः खुर्ची चालत असते तोवर ढकलणाऱ्याचे लक्ष तिच्यावर असते. ती थांबली की लक्ष ढळते. नेमके तेव्हाच बसलेली व्यक्ती उठू पाहते किंवा काही घेण्यासाठी वाकते. म्हणून खरी दक्षता थांबलेल्या खुर्चीपाशी हवी.

बसण्यापूर्वी आणि उठण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे ब्रेक लावावेत. एकच ब्रेक लावल्यास खुर्ची त्या चाकाभोवती फिरते. हे ब्रेक टायरवर दाबून बसतात आणि थांबलेली खुर्ची रोखून धरतात; चालत्या खुर्चीचा वेग कमी करण्यासाठी ते नसतात. हवेच्या टायरमधील हवा कमी झाली की ब्रेकची पकड सैल पडते. यासाठी आठवड्यातून एकदा हवा व ब्रेक तपासावेत.

ब्रेकनंतर पायपाट्या. त्या वर दुमडून किंवा बाजूला सारूनच पाय जमिनीवर टेकवावेत. पायपाटीवर उभे राहिल्यास सारा भार पुढे जाऊन खुर्ची तोंडघशी पडते. पलंगावर बसवताना खुर्ची पलंगालगत किंचित तिरपी, अंगाची सबळ बाजू पलंगाकडे येईल अशी लावावी. मदतनीसाने काखेत हात घालून ओढू नये. कमरेला आधार द्यावा, स्वतःचे गुडघे वाकवावेत आणि “बाबा, आता उठायचे हं” असे सांगून त्यांच्या होकारानंतरच उचलावे. न सांगता दिलेला आधारही माणसाला घाबरवतो, आणि घाबरलेला माणूस अंग ताठ करतो.

तराजूचे मर्म व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. खुर्चीचाही तोल असतो. पाठीमागच्या मुठींना सामानाच्या जड पिशव्या टांगल्या, की बसलेली व्यक्ती उठताच किंवा खुर्ची चढावर जाताच ती मागे कलंडू शकते. खाली पडलेली किल्ली उचलण्यासाठी दोन गुडघ्यांमधून वाकणेही तितकेच धोक्याचे. वस्तू बाजूला येईल अशी खुर्ची वळवावी, किंवा लांब दांड्याचा चिमटा जवळ ठेवावा. पुढे हात लांबवायचाच असेल, तर खुर्ची थोडी मागे घ्यावी. त्यामुळे पुढची लहान चाके वळून समोर येतात आणि आधाराचा पाया लांबतो. त्यानंतर ब्रेक लावावेत. साडीचा पदर, धोतराचा सोगा, शालीचे टोक आऱ्यांत गुंतत नाही ना, हेही पाहावे.

दुकानाच्या पायरीवर आखूड फळी टाकून खुर्ची चढवण्याची पद्धत सर्रास दिसते. उताराचे मान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे ६ इंच उंचीच्या पायरीसाठी ६ फूट लांबीचा उतार लागतो. दोन फुटांच्या फळीवर ढकलणाऱ्याचा आणि बसणाऱ्याचा, दोघांचाही जीव टांगणीला लागतो. तीव्र उतारावरून खाली येताना खुर्चीची पाठ उताराकडे करावी. मदतनीसाने मागे पाहत, सावकाश उलट पावली उतरावे. मंदिराच्या किंवा घराच्या पायऱ्यांवर व्यक्तीसह खुर्ची उचलण्याची वेळ आलीच, तर किमान दोन सशक्त माणसे हवीत. त्यांनी पक्की चौकटच धरावी. निघणारे हात व पायपाट्या धरल्यास त्या हातात येतात.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर घाईने उचलू नये. प्रथम शुद्ध, डोक्याचा मार आणि मान, पाठ व खुब्यातील वेदना यांची विचारपूस करावी. तीव्र वेदना असतील किंवा पाय हलवता येत नसेल, तर तसेच पडू द्यावे, पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरीही लगेच डॉक्टरांना दाखवावे.

पडण्याची इजा कधी कधी शरीरापुरती राहत नाही. एकदा पडलेले आजोबा पेढीवर येणे टाळतात, आजी शेजारी जाणे सोडते. आणि कुटुंबही काळजीपोटी “तुम्ही घरीच बसा” म्हणू लागते. चाकांची खुर्ची येते ती माणसाचे जाणे-येणे टिकावे म्हणून. रोजमेळ लिहिल्याशिवाय जसे दुकान बंद होत नाही, तसेच दोन्ही ब्रेक आणि पायपाट्या पाहिल्याशिवाय कोणी खुर्चीत बसू नये, खुर्चीतून उठू नये. ही सवय घरातील नातवंडांपासून नोकरमाणसांपर्यंत सर्वांनाच लावावी.