तोडलेली झाडे मोजता, मग रानाची कड का नाही?



खानापूर–अनमोड रस्ता असो, तिनईघाट–कुळे रेल्वेचा दुसरा मार्ग असो की गोव्याकडे जाणारी 400 केव्हीची वीजवाहिनी, जंगलतोडीचा विषय निघाला की उत्तर ठरलेले: झाडे जातील, पण त्याच्या कितीतरी पट लावू. माझा आक्षेप या नगावारी हिशेबालाच आहे, आणि साक्षीला मी पतंग उभे करतो.

सदलग्यात हे ऐकून कुणीही हसेल. आमच्या दूधगंगाकाठी पतंग म्हणजे उसाचा खोडकिडा, तंबाखूची पाने खाणारी अळी, आणि 2018 पासून मक्यावर उतरलेली अमेरिकन लष्करी अळी. पाखरू दिसले की पाठीवर पंप चढतो. पण भारतात पतंगांच्या दहा हजारांवर जाती आहेत आणि पिकाच्या वाटेला जाणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. बाकीच्यांचे पोट रानातल्या ठरावीक झाडाझुडपांवर आहे.

टसरचा पतंग घ्या. त्याची अळी ऐन-अर्जुनाची पाने खाते आणि फांदीला देठाने लटकणारा टणक कोष विणते. त्यातून निघालेला पतंग काही खातच नाही, त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. अळीपणी पोटात गेले तेवढ्यावर अंडी घालून मरतो. ऐन तोडून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की कागदावर झाडाला झाड मिळाले, या अळीने खायचे काय? उलट कण्हेरीवरची ती हिरवी, निळ्या डोळ्यांसारखे ठिपके वटारणारी अळी गावोगाव सुखात आहे, कारण कण्हेर दारोदारी. कोणत्या अळीला कोणते झाड लागते, हे वनखात्याला कुणी बाहेरच्याने शिकवायला नको. कारवारला राहिलेले टी. आर. बेल वनाधिकारीच होते. त्यांनी अळ्या पाळून नोंदी केल्या आणि मेजर स्कॉट यांच्याबरोबर 1937 मध्ये हॉक मॉथ पतंगांवर अख्खा खंड लिहिला.

आता कडेचे बघू. वीजवाहिनीसाठी 46 मीटर रुंदीचा पट्टा 10 किलोमीटर कापला तर कागदावर 46 हेक्टर जातात. पण उघड्या पडलेल्या कडेतून ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो, सावलीतली रोपे करपतात, रानमोडी माजते. ब्राझीलमध्ये मनौसजवळ 1979 पासून चाललेल्या अभ्यासात कडेचे बरेचसे परिणाम 100 मीटर आतपर्यंत आढळले, काही त्याहून आत. दोन्ही बाजूंचे 100-100 मीटर धरले तर आणखी 200 हेक्टर झाले, आणि त्यातले एकही झाड तोडलेले नाही! म्हणून ते कुणाच्या हिशेबात नाही.

यावर कुणी म्हणेल, कडेला दिवा लावून बघा, पतंग जास्तच मिळतील. मिळतीलही. तिथे शेतातले आणि रानातले दोघेही येतात. प्रश्न कोण आले हा आहे. बोर्निओत किनाबालू पर्वताच्या परिसरातला 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: जुन्या जंगलाकडून शेतीकडे यावे तशी जिओमेट्रिडी कुळातल्या पतंगांची विविधता घटत जाते.

एकही फांदी तोडू नका, असे मी म्हणत नाही. निवडून तोड केली, माथ्याची सावली आणि खालची झुडपे राखली, तर बरेच पतंग टिकतात. सरसकट पट्टा कापणे वेगळे. रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, तेव्हा अशा मंजुऱ्या तपासून घेता येतात हे सिद्ध झालेच आहे.

म्हणून मागणी अशी. परवानगीच्या अर्जात तोडलेल्या पट्ट्याबरोबर कडेचेही क्षेत्र दाखवावे. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, कडेला आणि आत रानात, पांढरा पडदा व दिवा लावून पतंगांची जातवार नोंद करावी. आणि पर्यायी लागवडीच्या यादीत ऐन, किंजळ, नाणा या इथल्या रानातल्या झाडांची नावे नसतील तर ती यादी तशीच परत पाठवावी.

— एक वाचक, सदलगा (ता. चिकोडी, जि. बेळगाव)